लाकडाची चव

२ डिसेंबर
पुन्हा काजळी! हॉटेलच्या चादरी तिसऱ्यांदा धुतल्या. वाळत घातल्या तेव्हा बगळ्यासारख्या, काढल्या तेव्हा चुलीवरच्या पातेल्यासारख्या. गल्ली म्हणते, हमरस्त्यावरच्या ट्रकांचा धूर. बरोबरच आहे – ट्रक थांबून भांडत नाहीत!

५ डिसेंबर
लेकीच्या युक्तीने प्रत्येक गच्चीवर ओले पांढरे रुमाल टांगले होते. रस्त्याकडचे करडे झाले, म्हणजे ट्रकांचा वाटा आहेच. पण समोरच्या बेकरीच्या धुराड्याजवळचा रुमाल काळाकुट्ट! काखेत कळसा आणि गावाला वळसा.

६ डिसेंबर
पदर खोचून गेले. रुमाल काउंटरवर आपटला. बेकरीवाला काही बोलणार तोच खोकल्याची उबळ आली. भिंत धरून उभा राहिला बिचारा. माझं भांडण तोंडातच राहिलं.
म्हणाला, "डॉक्टर सांगतात, लाकडाची भट्टी बंद करा. पण वडिलांची आहे हो. विजेवरच्या पावाला ती चव नाही."
चवीपायी हा माणूस छाती जाळून घेतोय! घरात पुसणारं कोणी नाही, त्याचं हे. येताना एक पाव दिला. रागातही छान लागला.

१४ जानेवारी
बेकरीत विजेची भट्टी आली – नुसती उभी आहे. आमची पैज लागली. रोज संध्याकाळी तो एक पाव आणणार, मी चव सांगणार. विजेचा पाव मी लाकडाचा समजले, की धुराडं बंद. ओळखला, तर वडिलांची भट्टी चालू.
देवा, माझी जीभ बिघडू दे.

१७ जानेवारी
लाकडाचाच. विजेचा तो आणणार तरी कधी?

२१ जानेवारी
आजही लाकडाचा. तो नुसता हसतो. मला रडू येतं. चादरी मात्र आठवडाभर स्वच्छ निघताहेत – वारा फिरला असावा. लेकीला सांगितलं, तर तिला ठसकाच लागला.

२५ जानेवारी
"लाकडाचा," म्हटलं आणि डोळे भरून आले. शेवटी म्हणाला, "अहो, लाकडाची भट्टी पैजेच्या दिवशीच विझवली. रोज विजेचाच खाताय."
"मग पहिल्या दिवशीच का नाही सांगितलंत?"
"सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी यायला निमित्त काय उरलं असतं?"
तेव्हा लक्षात आलं – इतका वेळ बसला, एकदाही खोकला नाही. जन्मभर पांढऱ्या कपड्यांवर पोट भरलं, आणि पांढऱ्या चादरी काय सांगताहेत ते मला कळलं नाही! आनंदाने दुसरा पाव खाल्ला.

२ फेब्रुवारी
त्याने आज सरळ लग्नाचं विचारलं. हे गेल्यापासून असं कोणी विचारेल, हे मनातही आलं नव्हतं. मी लेकीकडे पाहिलं.
ती म्हणाली, "आई, आता तरी वारा फिरला म्हणू नकोस."
हो म्हटलं.