बघून सांग, आठवून सांगू नकोस

१२ नोव्हेंबर, बुधवार

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पत्र मागच्या आठवड्यात सोमवारी पोचलं. उत्तराला नऊ दिवस लागले, रागावू नकोस. तीनदा लिहायला बसले आणि तीनदा कागद फाडला. इथे सगळं ठीक आहे. म्हणजे मी ठीक आहे. आत्या आठवड्यातून तीन वेळा येते, कपडे वाळत घालते आणि आल्या-आल्या तेच म्हणते, "या घरात माणसं कमी आणि तारा जास्त." तुझ्या खोलीची खिडकी नीट लागत नव्हती, ती सुताराकडून करून घेतली. भिंतीचा ओलावा यंदा कमी आहे.

तू दोन गोष्टी विचारल्यास. एक, बाबा कसे आहेत. दुसरी, तुझ्या बास गिटारच्या अ‍ॅम्पचा जळलेला ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून मिळेल का, कारण आता रेकॉर्डिंग करताना तुला तोच आवाज हवासा वाटतो. दुसरीचं उत्तर आधी देते. ते मला येतं.

नाही मिळणार. एवढंच लिहिलं तर तुटक वाटेल म्हणून सविस्तर सांगते. बाजारात मोटारी गुंडाळणारे आहेत, त्यांच्याकडे जाऊन आले. ते म्हणाले, "तार हवी तेवढी भरून देतो ताई, पण वेढे किती आणि कसे, ते तुम्ही सांगा." आता हे कोण सांगणार? तू सतरा वर्षांचा असताना बाबांनी तो याच टेबलावर, हाताने चाक फिरवून गुंडाळला. बासचा खालचा सूर पेलायला लोखंड जास्त लागतं, आणि तारेचे थर मधे कागद घालून एकाआड एक भरावे लागतात. त्यांच्या वहीत ते पान मला सापडलं. पानावर फक्त तारीख आहे आणि खाली, "मनाजोगा झाला." बाकी सगळं डोक्यात ठेवलं होतं.

मग मीच तो उघडला. तार उलगडत वेढे मोजत गेले, दर शंभराला कागदावर एक रेघ. तीन दुपारी गेल्या. अकराशे चाळीसपर्यंत आले आणि पुढे तार नव्हतीच. कोळसा होता. बोट लावलं की भुगा. मी कागदावरच्या रेघा पुन्हा पहिल्यापासून मोजल्या, जणू त्याने आत काही बदलणार होतं.

बाबांचे चार थोरले आणि दोन धाकटे आठवतात ना? धाकटे म्हणजे पुढचे काचेचे व्हॉल्व्ह, बोटाएवढे, बासचा बारीकसा आवाज पहिल्यांदा हातात घेणारे. थोरले मागचे, बाटलीएवढे, त्याला उचलून स्पीकरपर्यंत नेणारे. थोरल्यांपैकी एक गेला, तीन शाबूत आहेत. धाकटे दोन्ही चांगले आहेत, मी मीटर लावून पाहिलं. दोनदा पाहिलं. तुला हवं असेल तर धाकट्यांचा तेवढा भाग, नुसता प्रीअ‍ॅम्प, वेगळ्या पेटीत बसवून पाठवते. आपल्याकडे एक बासवाला येत असे, दाढीवाला. तो म्हणतो रेकॉर्डिंगला तेवढंही पुरतं. आवाजाला ती ऊब येईल. फक्त पूर्वीसारखी बसल्या जागी खुर्ची हादरणार नाही.

पाठवायचा तर व्हॉल्व्ह कापसात गुंडाळून, पिना वर करून. ते मी नीट करीन.

आता बाबा. थांब, त्याआधी दुसरंच सांगावं लागेल.

तू गेलास त्या दिवशी दारात बाबांना म्हणालास, "हे तुमचं ओझं मी कुठे वाहत फिरू?" तुझं चूक नव्हतं. एका हातात उचलता येतील असे अ‍ॅम्प मिळत होते, आणि छत्तीस किलोचं धूड घेऊन दर कार्यक्रमाला जिने कोण चढेल? पण तो शब्द तू नको होता वापरायला. आपल्या घरात त्या शब्दाला दुसरं काम होतं.

तुला सांगायला नको, तरी लिहिते, कारण मला ते क्रमाने लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प स्पीकर न जोडता कधी चालू करायचा नाही. त्याची ताकद बाहेर जायला जागा राहत नाही, मग ती आतल्या आत ट्रान्सफॉर्मरलाच जाळते. स्पीकर म्हणजे त्याचं ओझं. चालू करणाऱ्याने विचारायचं, "ओझं?" दुसऱ्याने उठून मागे जायचं, वाकायचं, वायर हाताने चाचपायची आणि मग म्हणायचं, "आहे." मी चार वर्षांची असल्यापासून तो दुसरा माणूस मी. मला अंक शाळेत नाही आले, रेझिस्टरवरच्या पट्ट्यांवर आले: काळा शून्य, तपकिरी एक, तांबडा दोन. आणि वाक्य म्हणून पहिलं जे पाठ झालं ते बाबांचं: "बघून सांग, आठवून सांगू नकोस."

तू गेल्यावरही बाबा तुझा अ‍ॅम्प दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अर्धा तास चालवत. पडून राहिला की कपॅसिटर सुकतात, म्हणत. तुझा जुना बास जोडायचे आणि सगळ्यात जाड तार मोकळी छेडायचे. एकच सूर. दुसरा त्यांना येतच नाही. खालचे शिंपी खिडकीतून ओरडायचे, "मुलगा आला का हो?" बाबा वरून सांगायचे, "नाही, त्याचा अ‍ॅम्प खोकतोय." पाच वर्षं हा विनोद चालला. दोघांपैकी एकालाही कंटाळा आला नाही.

मग दोन वर्षांपूर्वीचा मार्चचा पहिला रविवार.

आदल्या दिवशी त्या दाढीवाल्याचा अ‍ॅम्प तपासायला मी तुझ्या स्पीकरची वायर काढली होती. पिवळं कापड गुंडाळलेली ती जाड वायर घरात एकच आहे. काम झाल्यावर ती परत लावायची राहिली. राहिली असं लिहिते आहे, पण राहत नाही कुठलीही गोष्ट. मी नाही लावली.

रविवारी अकराच्या सुमाराला मी आतल्या खोलीत स्क्रूच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. एक चिठ्ठी सारखी वाकडी लागत होती. बाहेरून बाबांनी विचारलं, "ओझं?"

"आहे," मी म्हणाले.

उठले नाही. वीस वर्षं उठत आले होते, त्या दिवशी नाही उठले. माझ्या डोळ्यांपुढे वायर लावलेली दिसत होती, कारण ती नेहमी लावलेलीच असते.

व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो, तेवढी दोन-तीन मिनिटं अजून होती. त्या तेवढ्या वेळात मी चिठ्ठी सरळ केली.

नंतर सूर आला नाही. त्यांना वाटलं असणार आवाज कमी आहे. वाढवला असणार, जोरात छेडलं असणार. मला टिक, टिक, टिक ऐकू आलं. घड्याळ त्या खोलीत नाही. मग जळक्या वार्निशचा वास आला आणि मी धावले. एका थोरल्यात निळी वीज नाचत होती. शेवटी फ्यूज उडाला, पण तोपर्यंत काही उरलं नव्हतं.

बाबांनी मेनचा प्लग काढला, आतली वीज उतरेपर्यंत नियमाप्रमाणे थांबले, आणि मग मागे जाऊन गुडघ्यांवर बसले. स्पीकरच्या रिकाम्या भोकाला बोट लावून बघत राहिले. वायर शेजारीच खुंटीला टांगलेली होती. म्हणाले, "मी विचारलं नाही वाटतं."

मी दारात उभी होते. अंगठ्याला एक चिठ्ठी चिकटलेली होती.

"विचारलं असतं तर तू बघून सांगितलं असतंस. मी विचारलंच नाही, पोरी."

दादा, त्या क्षणी एक वाक्य बोलायचं होतं. ते माझ्या तोंडात होतं. पण त्यांनी मान वर करून माझ्याकडे इतक्या विश्वासाने पाहिलं की मी गप्प बसले. संध्याकाळी सांगू म्हटलं. दुपारीच ते तुला पत्र लिहायला बसले. ते तुझ्याकडे असेल: "तुझा अ‍ॅम्प माझ्या हातून जळला. आता माझ्या डोक्याचा भरवसा धरू नये." चुकेल म्हणून पाकिटावरचा पत्ता मला घालायला सांगितला. काढून बघ. अक्षर माझं आहे.

तुझं उत्तर एका ओळीचं आलं: "बरं झालं, सुटलात एकदाचे." तू गमतीने लिहिलंस हे मला कळलं. त्या धुडापासून सुटलात, असं. बाबांनी ते दोनदा वाचलं, "खरं आहे त्याचं" म्हणाले आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. त्यांना वाटलं, तू त्यांना कामातूनच मोकळं केलंस. यात तुझा दोष काढत नाही. खोट्या पत्राला खरं उत्तर तू कुठून देणार होतास?

पुढच्या सोमवारी त्यांनी गिऱ्हाइकांचे सगळे अ‍ॅम्प परत करायला लावले. मी म्हटलं, "बाबा, एकदा चुकतं माणूस." तर म्हणाले, "एवढ्या व्होल्टेजपाशी एकदा चुकलेला माणूस बसवत नाहीत." सोल्डरिंग आयर्नची वायर गुंडाळून खणात ठेवली. शिंपी जिन्यात भेटले की विचारायचे, "खोकला थांबला का हो?" बाबा बाजूला होऊन त्यांना वाट द्यायचे. मग तेही विचारेनासे झाले.

डॉक्टर म्हणतात हा आजार आधीच सुरू झाला असणार. असेल. बाबांनी विचारलं होतं आणि दोन मिनिटांत ते विसरले, हे खरंच आहे. त्यावरच मी दोन वर्षं काढली. स्वतःला सांगत राहिले, त्यांचं डोकं चालत नाही हे ते खोटं थोडंच बोलतायत. पण आदल्याच दिवशी त्यांनी दाढीवाल्याच्या अ‍ॅम्पमधला दोष नुसत्या वासावरून सांगितला होता. हाताला काम होतं तोवर ते धरून होते. काम सुटलं आणि सगळंच भराभर सुटत गेलं. आधी आठवड्याचे वार, मग जिना कुठे वळतो ते, मग आई जाऊन किती वर्षं झाली ते. मे महिन्यात ते मला "बाई" म्हणायला लागले. त्यांना वाटतं, मी दुरुस्तीला काही घेऊन आलेली गिऱ्हाईक आहे.

तर तुझं पत्र आल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसले. आत्या स्वयंपाकघरात होती. मी सगळं सांगितलं. वायर, चिठ्ठ्या, सगळं. म्हटलं, "बाबा, तुम्ही विचारलं होतं. मीच न बघता 'आहे' म्हटलं. अ‍ॅम्प माझ्यामुळे जळला. तुम्ही विचारायला विसरला नव्हतात."

त्यांनी नीट ऐकलं. ऐकताना डावा हात पाठीमागे घेतला होता, वीज चालू असलेल्या अ‍ॅम्पवर वाकताना घेत असत तसा. मला वाटलं, पोचलं.

मग पुढे वाकून हळूच म्हणाले, "तुमचा व्हॉल्व्हचा आहे का, बाई?"

मी म्हटलं, "हो."

"इथे एक होते दुरुस्त करणारे. हात चांगला होता त्यांचा. पण आता देऊ नका त्यांच्याकडे. स्वतःच्या मुलाचाच जाळला त्यांनी. विचारायला विसरले."

दादा, त्यांना तुझं नाव आठवत नाही. माझं नाही. व्हॉल्व्ह पिवळे होऊन उजळले की ज्या माणसाचा चेहरा उजळायचा, त्याच्या हातात मी एक थोरला दिला तर त्यांनी तो पेला समजून तोंडाला लावला. सगळं गेलं, आणि एवढं एकच राहिलं. आणि तेच नेमकं कधी घडलं नव्हतं. ते मी त्यांच्या डोक्यात ठेवलं.

तेव्हापासून रोज सकाळी सांगते. आज हे पत्र लिहायच्या आधीही सांगितलं. रोज ते नीट ऐकतात आणि रोज मला त्या माणसापासून सावध करतात. काल आत्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती. म्हणाली, "बस कर गं. त्यांना काही कळत नाही." पण तिला कुठे कळतं, की त्यांना नेमकं एवढंच कळतं?

ये, असं लिहायला सुरुवात केली होती. मग खोडलं. तू आलास तर तुझ्यापाशीही ते हेच बोलतील, तू कुणाचा कोण हे न ओळखता, आणि तुला खाली मान घालून ऐकावं लागेल. यायचं की नाही ते तूच ठरव. मी आता कुणाच्या वतीने "आहे" म्हणणार नाही.

मात्र माझ्यावर रागवायचं असेल तर लिहून रागाव. गंमत करू नकोस. एक ओळीचं लिहू नकोस.

ती पिवळी वायर मी परत लावली आहे. समोर चालणारा अ‍ॅम्प नाही, तरी लावली. आत्ता उठून, वाकून, हात लावून पाहून आले. या पत्रातली प्रत्येक गोष्ट मी बघून लिहिली आहे.

लहानपणी तू मला जे नाव ठेवलंस, जरा काही झालं की उडते म्हणून, त्याच नावाने सही करते. त्याचं काम काय असतं ते आपल्या घरात सगळ्यांना माहीत होतं. बाकीचं जळायच्या आत आपण तुटायचं.

तुझी,
वेळेवर न उडालेली
फ्यूज