न मोजता केलेली सही

बिबवेवाडी, पुणे

चि. जयसिंग, दादाचा भरभरून आशीर्वाद.

आईचा गुडघा आता वाकतो का? तनुजाचा खोकला थांबला का? तुझी पाठ काय म्हणते? मी ठणठणीत आहे, कारखानाही जोरात आहे.

फक्त जीव खालीवर होतोय. फोनवर आई कान देऊन असते, म्हणून कागदावर लिहितो.

इंजिनियर पोरांनी तपासलेला माल मी फोरमन म्हणून पुन्हा मोजतो, हे तुला ठाऊक आहे. मागच्या आठवड्यात दोन दिवस तापाने पडलो, तर चुकीच्या मापाची अख्खी पेटी गिऱ्हाइकाकडे गेली. मी सगळ्यांवर उखडलो. त्या पोरांतली एकटी अक्षता बोलली, "काका, तुम्ही परत मोजणारच असता. मग मन लावून मोजतंय कोण?"

माझ्याच डब्यातलं खाते आणि मलाच सुनावते! पण खोटं नव्हतं रे. पांगुळगाडा काढल्याशिवाय पोर चालत नाही.

आज त्या पेटीच्या बदली नवा माल निघायचा होता. पुन्हा चुकला तर गिऱ्हाईक तुटणार. अक्षताने मोजून कागद पुढे केला. हात शिवशिवले, तरी न मोजता सही केली.

"मोजणार नाही?" तिचा चेहराच उतरला.

"नाही."

ती दारापर्यंत गेली आणि परत फिरली. "थांबा काका, गाडी भरू नका. मी आणखी एकदा बघते."

तिने पुन्हा मोजल्यावर गाडी आत्ता गेली. गिऱ्हाइकाचा निरोप आठ-दहा दिवसांनी येईल. तोवर घास गोड लागायचा नाही, म्हणून दोन ओळी लगेच धाड.

तुझा दादा,
पोपट