नाव येशू, नातं आई

बुधवार, दुपारचे अडीच

प्रिय चिमे,

प्रभूच्या नावाने सलाम. अक्षर ओळखलंसच असशील, त्यामुळे पाकीट हातात घेऊन तोंड वाकडं केलं असशील तर ते मला इथून दिसतंय. फाडायचंच असेल तर खुशाल फाड, पण वाचून झाल्यावर. तू आणि तुझी माणसं बरी असाल असं धरून चालते.

मीही बरी आहे. म्हणजे आता बरी आहे. महिन्याभरापूर्वी खुब्याचं हाड मोडून घेतलं होतं. पण सात वर्षांनी लेखणी उचलली ती काही हाडाचं रडगाणं गायला नव्हे. आईबद्दलची एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे. राहिली कसली, मीच ठेवली. फोन केला असता, पण माझं तुला माहीत आहे, फोनवर मी बोलत सुटते आणि मुद्दा बाजूलाच राहतो. कागदावरही तेच होणार बहुतेक. तरी आज लिहून संपवल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवून बसले आहे. आणि तसंही मला पटकन उठता येत नाही.

तर झालं असं. दुकानात सगळ्यात वरच्या फळीवरचा निळा तागा हवा होता. स्टूल घेतलं, चढले. एकसष्टाव्या वर्षी कोणी चढतं का, म्हणशील. चढतं! तागा खाली आला आणि त्याच्या मागोमाग मी. गणवेशाचं माप द्यायला आलेल्या गिऱ्हाइकाने ॲम्ब्युलन्स बोलावली, मला आत घातलं आणि बिचारं स्वतःच्या कामाला निघून गेलं.

हॉस्पिटलात नोंदणीच्या खिडकीशी स्ट्रेचर थांबलं. आत एक चुणचुणीत मुलगी फटाफट टाइप करत होती. मान वर करायला तिला सवड नव्हती. "नाव?" सांगितलं. "वय?" तेही खरं सांगितलं, यावरून मला किती दुखत असेल ते ओळख. "सोबत कोण आहे?"

आता सोबत कोण असणार, डोंबल! "कोणी नाही" असं म्हणणार, एवढ्यात मागून ढकलणाऱ्याने स्ट्रेचर थोडं पुढे घेतलं, चाक फरशीच्या खाचेत आपटलं आणि माझ्या तोंडून किंकाळी निघाली, "येशू!" मुलीने टाइप केलं. "नातं?" चाक खाचेतून वर आलं. मी ओरडले, "आई गं!" तिने तेही टाइप केलं.

हसतेस ना? मला माहीत होतं. पाच मिनिटांत माझ्या उशाशी कार्ड आलं, गळ्यात अडकवायच्या दोरीसकट. रुग्णासोबतची व्यक्ती: येशू. नातं: आई. खाली हॉस्पिटलचा गोल शिक्का. बदलून घ्यावं तर ती म्हणे सोमवारशिवाय बदलता येत नाही.

संध्याकाळी लाउडस्पीकर बोलला. "पलंग अकरा. येशू, औषधाच्या खिडकीवर या."  वॉर्डातली कण्हणारी माणसं कण्हायची थांबली. शरमेने मी चादर डोक्यावरून घेतली. परत आवाज आला, "येशू, लवकर या." तेव्हा शेजारच्या पलंगाजवळचा एक गृहस्थ खुर्ची सरकवून उठला. बांधकामावर क्रेन चालवतो. दाराएवढा रुंद, झुपकेदार मिशा, हाताचे पंजे फावड्यासारखे. त्याची बायको शाळेत शिकवते, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. तो म्हणाला, "मावशी, द्या ते कार्ड. कोणीतरी जायला हवं." दारावरच्या पहारेकऱ्याने कार्ड वाचलं, त्याला खालून वर पाहिलं आणि विचारलं, "येशू तुम्ही?"

"आज मी."

"आणि आई?"

"तीही आज मीच. सोडा आता, खिडकी बंद होईल."

पुढे ते कार्ड माझ्याकडे टिकलंच नाही बघ. सकाळी सफाईवाली ते गळ्यात घालून माझ्यासाठी चहा आणायची. एक्स-रे आणायला कोणाची तरी वहिनी जायची. माझ्या वाट्याला रोज वेगळा येशू. वॉर्डात सगळ्यांनी मजा घेतली आणि मीही घेतली, पण आतून मला त्याचा रागच होता. आई गेल्यापासून मी मंडळीत उपासनेला जाते ती मागच्या बाकावर बसायला, आणि शेवटच्या प्रार्थनेआधी पर्स उचलून बाहेर. पाळकसाहेबांना एकदा तोंडावर सांगितलं होतं, "आईच्या खोलीत नऊ दिवस मी एकटी होते. तुमचा प्रभू तिकडे फिरकला नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. माझ्यापुढे बोलायची सोय कुठे असते!

मग ऑपरेशन झालं. सतरा टाके. टाके म्हणजे काय सांगू, वाकडेतिकडे! माझ्या हाताखालच्या माणसाने असं शिवलं असतं तर उसवून पुन्हा घालायला लावले असते. पण खरा घोटाळा पुढेच झाला. भूल उतरली आणि डोकं काही ठिकाणावर येईना. या वयात होतं म्हणे असं. चार दिवस मला वाटत होतं की मी दुकानात आहे, पुष्कळ काम पडलंय आणि दिवे कोणीतरी सारखे विझवतंय. डॉक्टरांचा कोट धरून म्हटलं, "बाही दोन बोटं लांब आहे, काढा इकडे." (लांब होतीच. शुद्धीवर आल्यावर पाहिली.) ते हसण्यावारी गेलं. बाकी ते चार दिवस फार वाईट होते, चिमे. दुखत होतं, आणि का दुखतंय ते कळत नव्हतं. अंधारात माप हरवल्यासारखी मी चाचपडत होते. एवढंच आठवतं की मध्येमध्ये कोणाचा तरी हात हातात असायचा, खरखरीत आणि गरम. तो असला की मी थोडी झोपायचे.

पाचव्या दिवशी सकाळी डोळे उघडले तर खिडकी खिडकीच्या जागी आणि मी माझ्या जागी. खुर्चीत क्रेनवाले. बायकोनेच त्यांना इकडे हाकललं होतं म्हणे, "माझा गुडघा कुठे पळून जात नाही, तिकडे बसा" असं सांगून. ते माझ्याकडे पाहत म्हणाले, "आलात का परत? बरं झालं. मावशी, एक विचारू? चिमी कोण?"

मी म्हटलं, "कोणी नाही."

बघ, शुद्धीवर आल्या आल्या पहिलं वाक्य खोटं.

ते म्हणाले, "चार दिवस तिलाच हाका मारताय तुम्ही. 'चिमे, आई विचारतेय गं, येऊन जा.' एकच धोशा. सिस्टर म्हणाल्या, कळवू या. तुमच्या पर्समधल्या वहीत नंबर शोधला, पण सापडला नाही."

"मग?"

"मग काय करणार? मीच हात धरून सांगायचो, 'आले गं ताई.' ह्या आवाजात!" ते स्वतःच लाजून हसले. "बायको म्हणते, निदान आवाज तरी बारीक काढा. पण तुम्हाला चालत होतं. हाका मारणाऱ्या माणसाला कोणी येणार नाही म्हणून कसं सांगायचं, मावशी? मला नाही जमलं."

चिमे, त्यांच्या गळ्यात दोन कार्डं होती, बायकोचं आणि माझं. माझं वर आलं होतं. येशू. आई. मी वाचलं, आणि मला हसू फुटलं, इतकं की टाके ओढले गेले, आणि हसता हसता मी हमसून रडायला लागले. त्यांना वाटलं पुन्हा डोकं फिरलं, ते सिस्टरना बोलवायला धावले. पण मी त्याला ओळखलं होतं. चार दिवस मी चाचपडत होते तेव्हा तो माझा हात धरून बसला होता, मिशांसकट. नोंदणीच्या मुलीने सगळं बरोबर लिहिलं होतं. आणि ओळखल्याबरोबर पहिल्यांदा काय झालं असेल, तर मला माझी लाज वाटली.

कारण "आई विचारतेय गं, येऊन जा" हे मी भ्रमात रचलेलं नव्हतं. आईने नऊ दिवस तुला हाका मारल्या. झोपेत गेली, अचानक गेली, असं मी तुला मातीनंतर लिहिलं ना? नऊ दिवस होते, चिमे. तू दोनदा येऊन परत गेली असतीस. ती दररोज विचारायची, "चिमी निघाली का?" मी म्हणायचे, "कळवलंय, निघालीय." मी कळवलंच नव्हतं. मला राग होता. दुकान सोडून नोकरीला गेलीस तू, राहिले मी. अंथरूण बदलायचे मी, भरवायचे मी, आणि हाक तुझ्या नावाची! मला ते सहन झालं नाही. हे कारण आहे, सबब नाही. मत्सरच होता तो, दुसरा शब्द नाही.

नंतर तू पत्रात दोनच प्रश्न विचारलेस. "आई जाताना माझ्याबद्दल काही बोलली का? अजून रागावलेली होती का?" दोन्हींना मिळून मी एका शब्दात उत्तर दिलं, "नाही." आई तुझ्याबद्दल काही बोललीच नाही, असं तू समजलीस, आणि मी समजू दिलं. त्यानंतर तुझं पत्र आलं नाही.

आणि मी पाळकसाहेबांना सांगत होते की प्रभू त्या खोलीत फिरकला नाही! तो तिथेच होता गं. आईच्या तोंडून तुला बोलावत होता. दाराला कडी मी लावून बसले होते.

आता मुद्दा. शेवटच्या दिवशी सकाळी आई एकदम स्वच्छ बोलली. मला म्हणाली, "चिमी आली की सांग, मी तिच्यावर कधीच रागावले नव्हते. गेली ते बरंच केलं. मशीनवर बसून पोरगी सुकली असती. आणि खरं सांगू का, बाह्या ती कायम उलट्या जोडायची." आणि हसली. नेहमी खुदकन हसायची ना, तसंच. दुपारी गेली.

हे एवढं सगळं तुझं होतं. सात वर्षं मी माझ्याजवळ दाबून ठेवलं. घे.

क्षमा मागते. ती द्यायची घाई करू नकोस, दिली नाहीस तरी मी समजेन. पण आईचं बोलणं मात्र आजच्या आज ऐक. मोठ्याने वाच, म्हणजे तिचा आवाज येईल.

ताई म्हणायचं की नाही ते तू ठरवशील, तोवर नुसतीच,

तुझी