रेतीचा शेक

माय, आज मी मावशीवर लय भडकलो. फोनवर, भर कारखान्यात. तुह्या पोरीच्या पायाले मुंग्या येऊन राह्यल्या, चालताना डावा पाय घसटते, आन् मावशी म्हणे, "तिले दुसरबीडच्या रस्त्यावरच्या त्या वैद्याकडं नेऊ. तुह्या मायले त्यानंच तं उभं केलं होतं." उभं केलं होतं! मंग आज कुठी हाय माय, असं मी विचारलं. ती रडाले लागली.

पण खरा राग तुह्यावर हाय. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं तुले समोर बसवून सांगतलं होतं, मी बाजूलेच उभा होतो. "बाई, या आजाराला एमएस म्हणतात. नसांवरचं वेष्टन खराब होतं. झटका येतो, कधी आपोआप उतरतोही, पण परत येतो. उतरला म्हणून इंजेक्शन सोडू नका."

"मालिश केली तं चालन का?" तू विचारलं.

"करा की. बरं वाटत असेल तर जरूर करा. पण औषधाच्या जागी नाही, औषधासोबत. आणि गरम शेक अजिबात नको, उष्णतेनं त्रास वाढतो."

तू मान डोलावली. घरी आली आन् वैद्याकडं गेली. तो म्हणे, "दोन औषधं एका पोटात भांडतात. तिचं सोड, मंग माहं लागू पडन." तू सोडलं. कोथिंबिरीच्या जुडीसाठी बाजार डोक्यावर घेणारी तू, त्याले एक सवाल नाही केला. त्याची बायको तव्यावर रेती तापवे, फडक्यात बांधून तुहे पाय शेके, मंग तेल चोळे. शेकून उठली की तुले धूसर दिसे, हातातला गिलास पडे. तो म्हणे, "आजार बाहेर निघून राह्यला." आन् झटका आपल्या पावलानं उतरला, तं गावभर बोभाटा, वैद्यानं उठवलं! भर चौकात तू त्याले टॉवेल, टोपी, नारळ दिला.

पुढच्या झटक्यात तू उठली नाही. तवा तो काय म्हणे? "पथ्य मोडलं असन. आंबट खाल्लं असन." आन् तू खाटेवर पडल्या पडल्या आठवत बसली, अंबाडीची भाजी कोणत्या दिवशी खाल्ली. मरेपर्यंत तू त्या भाजीलेच दोष दिला, माय. त्याले नाही. हे मले अजून गिळल्या जात नाही.

मी इथं परमुलखात टाईलच्या भट्टीवर उभा राह्यतो. मावशीचा फोन ठेवला आन् लगेच बहिणीले लावला. "पिशवी भर. उद्याच्या उद्या मोठ्या दवाखान्यात जाय. मायचाच आजार असन नाही तं दुसरंच काही असन, तपासल्याबिगर कोणाले कळन? वैद्याच्या दारात पाय ठेवला तं मी तुहा भाऊ नाही."

"एवढा काऊन ओरडतो रे?" ती म्हणे. मंग हळूच, "दादा, मी लहान होती, मले आठवत नाही. त्या मालिशनं मायले बरं वाटे का?"

"अजिबात नाही," मी म्हटलं. "कण्हे नुसती."

"मंग जाते दवाखान्यात," म्हणे.

हे पत्र मी कुठी धाडणार? पण तुले तं ठाव हाय. शेक संपून त्या बाईचा तेलाचा हात पायावर फिरला की तू झोपून जाय. तोंड उघडं टाकून, घोरत. घरी तशी झोपलेली मी तुले कधीच पाह्यली नाही.