हातभर जास्तीचं पाणी

३ मे, गुरुवार

हॉलंडचा एक म्हातारा आज माझ्याच दारात मला खोटं पाडून गेला!

जहाज साडेदहाला धक्क्याला लागलं. माझ्या सात नंबरच्या पाटीमागे अठ्ठावीस जण. नेहमीची फेरी — वेस, मिठाचं कोठार, चर्च, नगरपालिकेची कमान आणि सगळ्यात शेवटी आमचं घर. गाइड म्हणून एकोणीस वर्षं मी फेरीचा शेवट आमच्या दाराशी करते. दाराच्या उजव्या दगडी खांबावर १८९९ च्या पुराची रेघ कोरलेली आहे. गावात सगळ्यात उंच. तिथं मी हात छातीशी धरते, जरा थांबते आणि म्हणते, "डॅन्यूबनं सगळ्यात जास्त छळलं ते या घराला." मग सगळे फोटो काढतात.

हा म्हातारा — हूक्स्ट्रा नावाचा — फोटो काढेना. म्हणाला, "बाई, कमानीवरची त्याच पुराची रेघ मघाशी पाहिली. ती माझ्या कमरेला लागते. ही छातीला. आणि रस्ता तर कमानीपासून इकडे चढत आलाय."

"मग?"

"मग पाणी फक्त तुमच्या दारात टेकडी करून उभं होतं का?"

सगळे हसले. मीही हसले, पण कान तापले. जन्मभर पाणी मोजायच्या खात्यात होता म्हणे. असली माणसं सहलीला येतात कशाला?

४ मे, शुक्रवार

डोक्यातून जात नाही. पाणी सगळीकडे सारखंच चढतं, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. मला एकोणीस वर्षं कसं नाही कळलं?

नवऱ्याला, आलोइसला सांगितलं. पांढरे सॉसेज आमच्याकडे बारा वाजायच्या आतच खातात, ते संपवायच्या घाईत होता. साल सोलता सोलता म्हणाला, "गावात कुणी विचारलं नाही, मग तू कशाला विचारतेस? आणि वीस तारखेला काय आहे, लक्षात आहे ना?"

लक्षात न राहायला काय झालं! तीन वर्षं अर्ज केलेत मी. रविवारी वीस तारखेला त्या रेघेशेजारी ब्राँझची पाटी लागणार — पुराची हकिगत आणि खाली नाव, 'हे घर राखणारे गवंडी सिक्स्टस आयखिंगर'. माझे बाबा. निम्म्या गावाच्या भिंती त्यांनी उभ्या केल्या आणि नाव कुठं, तर फक्त थडग्यावर. नगराध्यक्ष स्वतः पडदा बाजूला करणार आहेत. मी निळा पोशाख इस्त्रीला टाकलाय.

रेघच चुकीची निघाली तर?

५ मे, शनिवार

मोजलं!

तळघरात बाबांच्या पातळी बघायच्या नळीची काचेची टोकं सापडली. मधल्या रबरी नळीचा पार भुगा झाला होता. आलोइसने बागेची नवीन नळी कापून दिली — कुरकुरत, पण दिली. नळीत पाणी भरलं, एक टोक त्याने कमानीच्या रेघेला धरलं, दुसरं मी आमच्या दाराला. समोरचा खाटीक ओरडला, "काय बुर्गल, बिअरची नळी टाकतेस का घरापर्यंत?"

"टाकेन की, तुझ्याच पैशाने," मी म्हटलं.

पाणी स्थिरावलं. आमच्या रेघेच्या बरंच खाली. टेप लावली — एक्केचाळीस सेंटिमीटर. जवळजवळ हातभर जास्तीचं पाणी आहे आमच्या दारात.

मग गंमत म्हणून त्याच खांबावरची १९५४ च्या पुराची रेघही कमानीशी ताडून पाहिली. ती बाबांनी स्वतः काढलेली, लाल रंगात. मला आठवतं, मी तीन वर्षांची, पायरीवर बसले होते आणि त्यांनी ब्रशला हात लावू दिला नव्हता. ती बरोबर आहे. केसभराचाही फरक नाही.

म्हणजे बाबांनी हीच काचेची टोकं धरून, याच खांबाशी उभं राहून पातळी घेतली. वरची रेघ खोटी आहे हे त्यांना तेव्हाच दिसलं असणार. मग गप्प का बसले? भिंत बोटभर कलली तरी पाडून पुन्हा बांधणारा माणूस!

६ मे, रविवार

चर्चमध्ये लक्ष नव्हतं. घरी परतताना आलोइसचा खांदा पुन्हा आमच्या दारातल्या पवित्र पाण्याच्या वाटीवर आपटला आणि त्याने रविवारी बोलू नयेत असे शब्द काढले. लग्न झाल्यापासून म्हणतोय, ती वाटी आत भिंतीवर लावू. बाबा होते तोवर त्यांनी लावू दिली नाही. "ती तिथंच राहील." बस्स. उजव्या खांबाच्या आतल्या अंगाला, बरोब्बर खांद्याच्या उंचीवर. येता-जाता सगळ्यांनी बोट बुडवायचं, कपाळाला लावायचं. बाबांचा स्वतःचा खांदा जन्मभर खरचटत राहिला.

८ मे, मंगळवार

दोन जहाजं. दारापाशी फेरी संपवली, पण "सगळ्यात जास्त" हे शब्द तोंडातून निघेनात. "इथंही पाणी आलं होतं," एवढंच म्हणाले. कुणी फोटो काढला नाही.

संध्याकाळी खुर्ची टाकून खांबांकडे बघत बसले. डावा पिवळट, उजवा राखाडी! एकसष्ट वर्षं या दारातून ये-जा करते मी. पाहुण्यांना डोळे उघडे ठेवा म्हणून सांगते आणि स्वतः आंधळी. उजवा खांब आमच्या घराचा नाहीच. कुठून तरी आणलाय. ज्या घराचा होता ते घर हातभर खाली असणार, म्हणून तिथं पाणी हातभर वर.

रेघ खरी आहे. घर चुकलंय!

इतकी खूश झाले की आलोइसला दोनदा सांगितलं. म्हणाला, "आता तरी जेवू."

९ मे, बुधवार

आज एक विलक्षण बाई भेटली.

माझ्या गटात नव्हती. बारीकशी, पांढरे केस, हातात काठी, कोटावर इंग्लंडच्या गटाचा बिल्ला. मी लोकांना सोडून खालच्या आळीतून येत होते, कारण हातभर खाली म्हटलं की तीच आळी. बघते तर ही प्रत्येक दारापाशी थांबते आणि उजव्या खांबावर खांद्याच्या उंचीला तळवा फिरवते. मग पुढचं दार. मला वाटलं दम लागला असेल.

"बाई, बसायला बाक आहे पुढं."

"बसायला नाही आले, पोरी."

मी थबकले. इंग्लंडच्या गटातली बाई, पण बोली अस्सल आमची, तीही जुनी. अशी बोलणारी आता फक्त नोटबुर्गा आत्या उरलीय. आणि मला 'पोरी' म्हणून किती वर्षांत कुणी हाक मारली नव्हती.

तिला चौदा नंबर हवा होता. खालच्या आळीत बारानंतर एकदम सोळा लागतो, मधे धक्क्याचं हिरवळीचं मैदान आणि तिकीटखिडकी. मी नेहमी सांगते तेच सांगितलं — "युद्धात गेलं ते घर. बॉम्ब पडला."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. रागाने नाही. "कुठला बॉम्ब?"

खरंच, कुठला? लहानपणापासून ऐकत आले, तेच पुढं सांगत आले.

मग तिनेच सांगितलं. ती इल्स. माहेरची झुंडहाइमर. चौदा नंबर तिच्या वडिलांचं, खाली कापडाचं दुकान. दहा वर्षांची असताना तिला एकटीला आगगाडीत बसवून इंग्लंडला पाठवलं. आई-वडील मागून येणार होते. आले नाहीत.

"आम्हा ज्यूंच्या घरी दाराच्या उजव्या अंगाला तिरकी डबी असते. आत प्रार्थनेचा कागद. येता-जाता बोट लावायचं. माझा हात पोचायचा नाही, आई उचलून घ्यायची. डबी गेली तरी दगडात जागा राहते. वाटलं, कुठंतरी एखादा दगड उरला असेल."

मी म्हटलं, शोधते. सोमवारी जहाज परतताना पुन्हा इथं थांबेल. "त्यानंतर नाही येणार," म्हणाली. "चौऱ्याऐंशी झाली मी."

घरी येईपर्यंत डोक्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या चालल्या होत्या. हातभर खालचं घर, आणि चौदा नंबर. दाराशी आले तेव्हा त्या एक झाल्या.

१० मे, गुरुवार

सकाळी सहाला, रस्त्यावर कुणी नसताना, नळी आणि आलोइसला घेऊन गेले. कमानीची पातळी चौदाच्या शेजारच्या बारा नंबरच्या पायरीवर उतरवली. आमच्या पायरीपेक्षा ती बरोबर एक्केचाळीस सेंटिमीटर खाली.

आज खूश झाले नाही.

११ मे, शुक्रवार

वृद्धाश्रमात आत्याकडे. एक्याण्णव वर्षांची, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. लोण्याचा केक नेला होता. तिने आधी खाल्ला, मग विचारलं, "काय हवंय?"

"आमच्या दाराचा उजवा खांब कुठला, आत्या?"

चमचा खाली ठेवला. "तुझा बाप चोर नव्हता."

"मी कुठं म्हटलं?"

"म्हणशील."

नन चहा ठेवून गेली. मग बोलली, एकेक तुकडा तोडून दिल्यासारखं. बेचाळीस साली झुंडहाइमरांना नेलं. नवरा-बायको, एकेक पेटी. स्टेशनापर्यंत चालत. "मी खिडकीत होते. त्या बाईने वर पाहिलं. मी पडदा ओढला." त्याच उन्हाळ्यात नगरपालिकेने घर पाडलं आणि सामान गावात वाटलं. "पाद्र्याकडे पायऱ्या गेल्या. बेकरीत विटा गेल्या. आपला खांब तडकलेला होता, तर सिक्स्टस गाडीवर घालून तो घेऊन आला. चांगला दगड होता. सगळ्यांनीच नेलं, बुर्गल."

"आणि बॉम्ब?"

"बॉम्ब एकच पडला. बटाट्याच्या शेतात."

"मग सांगत का नाही कुणी?"

"कुणाला सांगायचं? सगळ्यांना माहीतच होतं की."

मी इल्सचं नाव काढलं. आत्याचा चेहराच बदलला. "लाल वेण्यांची? तिला सायकल मी शिकवली. जिवंत आहे?" आणि रडायला लागली. मी आत्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं. सोमवारी येतेस का, विचारलं. मान हलवली. "कुठल्या तोंडाने?"

निघताना हात धरून म्हणाली, "तुझ्या आईने त्याला विचारलं होतं, दुसऱ्याचा दगड आणलायस, रेघ तरी घासून टाक. त्याने नाही घासली. आणि वाटी दुसऱ्याच दिवशी ठोकली."

१२ मे, शनिवार

आता खांबात काय आहे ते मला माहीत आहे. वाटीकडे बघवत नाही. आज बागेतल्या दाराने ये-जा केली. आलोइसही तिकडूनच आला.

नगराध्यक्षांना फोन केला. म्हटलं, पाटी थांबवा. रेघ आमच्या घराची नाही, झुंडहाइमरांच्या घराची आहे. पलीकडून अगदी गोड आवाजात, "अगं बुर्गल, ब्राँझ ओतून झालंय. निमंत्रणं गेली. तो काळच तसा होता. आणि वडिलांचं नाव लागतंय तर लागू दे ना."

लागू दे ना! तीन वर्षं मलाही तेच हवं होतं. खरं सांगायचं तर आत्ताही हवंय. इथं लिहायला काय हरकत आहे? मला बाबांचं नाव त्या भिंतीवर हवंय. आणि ती बाई दारोदार दगड चाचपत फिरतेय.

म्हटलं, पाटी लावलीत तर मी रोज अठ्ठावीस माणसांना तिच्यासमोर उभं करून सगळं सांगेन. पायऱ्यांसकट, विटांसकट. त्यांनी फोन ठेवला.

१३ मे, रविवार

बेकरीत गेले. पाव घेतला. "उद्या कोण येतंय म्हणे तुझ्याकडे?" बेकरीवाल्याची बायको. म्हणजे आत्याने ननला सांगितलं, ननने गावाला.

"खालच्या आळीतली इल्स," मी म्हटलं. "तुमच्या भट्टीचीही चौकशी करेल कदाचित."

बाबांनी ती जागा झाकली, का जपली? लाज वाटली म्हणून वाटी ठोकली, का कुणी बुजवू नये म्हणून? उद्या काढणार. आज हिंमत नाही.

१४ मे, सोमवार

वाटी काढली. मागे तिरकी खाच, बोटभर लांब. कोरडी, स्वच्छ. गवंड्याला बुजवायला थापीभर चुना पुरला असता. बुजवली नाही. आम्ही सगळे इतकी वर्षं येता-जाता तिथंच बोट लावत आलो.

धक्क्यावर भोंगा झाला. सात नंबरची पाटी आज दुसऱ्या कुणाला दिलीय. बागेतून चाकाच्या खुर्चीचा आवाज येतोय — आलोइस आत्याला घेऊन आला. दार उघडं टाकून इल्सला आणायला निघाले.