कॅसेटमधली वेणीवाली

नाना, वेणीवाली त्या कॅसेटमध्ये नव्हतीच, आणि हे तुम्हाला माहीत होतं. इतक्या वर्षांनी लिहायला बसले आहे तर सुरुवात जरा बरी करायला हवी होती. आई असती तर म्हणाली असती, गेलेल्या माणसाशी काय भांडतेस. पण मला आधी हेच म्हणायचं आहे, दिवाळीपासून ते माझ्या डोक्यात बसलं आहे.

पैठण गेटचं ते व्हिडिओ गेमचं दुकान तुम्हाला आठवत असेल. दादा तिथं पडीक असायचा. एसटीची कन्नड गावची फेरी संपवून, अंगावरची कंडक्टरची खाकी न उतरवताच तुम्ही त्याला आणायला निघालात की मीही मागं लागायचे. आत मुलींनी जायचं नसतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, ते दिसतच होतं. दारातून, पोरांच्या पाठींमधून मोठ्या मशीनचा पडदा दिसायचा आणि एकदा त्यावर ती दिसली. लांब वेणी, कमरेला पिवळा पट्टा, समोर म्हशीएवढा पैलवान, आणि हिनं त्याला दोन लाथांत आडवा केला. बाकी लढणारे सगळे बाप्ये, ही एकटी बाई. घरी येईपर्यंत मी दुसरं काही बोलले नाही. मग काही दिवसांनी दादाच्या नावाखाली घरात टीव्हीला जोडायचा गेम आला, त्यासोबत त्याच मारामारीची कॅसेट आली. कॅसेटवरच्या चित्रात ती सगळ्यांच्या मधोमध उभी होती. टीव्हीवर मात्र सगळे बाप्येच आले, आणि तेही मोजकेच. मी रडायला लागले. दोन दिवसांनी तुम्ही माझ्याशेजारी सतरंजीवर बसलात, चष्मा पुसला आणि म्हणालात, "रडू नको गं. आतच हाय ती. आधी ह्या सगळ्यायला पाड, मंग निघती."

मी पाडायला लागले. आई भाकरी थापता थापता आतून ओरडायची, "पोरीला मारामाऱ्या शिकवा, दुसरं काय सुचणार बापाला!" आणि तुम्ही खेळायचा दुसरा रिमोट हातात घेऊन मुद्दाम माझ्याकडून मार खायचात. मे महिन्याच्या सुट्टीत एका दुपारी माझ्या हातून शेवटचा पडला. पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या, आणि पुन्हा खेळाचं पहिलं चित्र. मी तशीच टीव्हीसमोर बसून आहे, पाणी प्यायलाही उठत नाही, मी उठले आणि तेवढ्यात ती आली तर? संध्याकाळी तुम्ही आलात, तिकिटांची पेटी खाली ठेवायच्या आधी माझं तोंड बघितलंत. "एकदाबी न हरता जिंकलीस का?" मी नाही म्हटलं. "मंग तशी कशी निघंल?" पुढच्या सुट्टीत तेही केलं. तेव्हा तुम्ही म्हणालात, आता जरा अवघडवर लावून बघ. तो गेम अवघडवर असतानाच जळाला. नाना, ती तिथं नाही असं मला कधी वाटलंच नाही. मीच कमी पडले असं वाटलं.

मग ती सवयच लागली. एम.ए. झाले, कॉलेजवाले म्हणाले प्राध्यापक व्हायला सेटची परीक्षा लागते. सेट निघाली त्या दिवशी तुम्ही कन्नडच्या गाडीतल्या पॅसेंजरांना पेढे वाटलेत आणि घरी येऊन मला म्हणालात, "आता एकच पाडायचा राह्यला." वर्षभरात तुम्ही गेलात. तुमच्यामागं पीएच.डी. झाली, शोधनिबंध झाले, मग भरतीवर बंदी आली, ती उठली तोवर आमच्या विषयाची जागाच गेली. मी अजून तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे दरवर्षी उन्हाळ्यात नोकरी संपते आणि पावसाळ्यात त्याच खुर्चीसाठी, त्याच लोकांसमोर मी नव्याने मुलाखत देते. दरवर्षी ते मला विचारतात, आपला परिचय द्या. आता माझे केस पिकलेत. शहराचं नावसुद्धा बदललं, माझी नेमणूक तेवढी बदलली नाही.

दिवाळीत दादाकडे गेले होते. त्याची मुलगी कॉम्प्युटरमध्ये आहे, तिनं टीव्हीवर तोच जुना गेम लावला, दुकानातल्या मशीनवर होता तसाच. पहिल्याच चित्रात सगळे ओळीनं उभे, आणि ओळीत ती. लांब वेणी, पिवळा पट्टा. मी विचारलं, "हिच्यासाठी आधी सगळ्यांना हरवावं लागतं ना?"

"नाही गं आत्या, ही पहिल्यापासून असते. घे की."

मी आमच्या कॅसेटचं सांगितलं. ती म्हणाली, घरच्या कॅसेटमध्ये जागा कमी असायची, म्हणून मोठ्या मशीनवरचे काही जण गाळून टाकायचे. इतकं साधं. चिवडा खात बसलेला दादा सहज म्हणाला, "नानांना माहीत होतं की." मी रडत होते त्या दोन दिवसांत तुम्ही त्याला घेऊन कॅसेट बदलायला गेला होतात. दुकानदार म्हणाला होता, "वो लडकी इसमें नै है चचा. घर के कॅसेट में इत्ते लोगां नै समाते." तुम्ही कॅसेट खिशात टाकलीत आणि वाटेत दादाला बजावलंत, तिला सांगू नको. त्या दिवशी मी वेणीवालीला घेऊन खेळले आणि पहिल्याच डावात हरले. तिचे डाव मला येतच नव्हते, हाताला त्या बाप्यांचेच डाव माहीत. भाची हसली, मला मात्र रडू आलं.

गेल्या आठवड्यात सिल्लोडची एक विद्यार्थिनी तासानंतर थांबली. "मॅडम, सेट काढली तं कॉलेजात लागंल ना?" माझा चष्मा हातातच होता. मला तुमची आठवण झाली आणि राग आला, आणि मी ठरवलं की हिला कुणीतरी खरं सांगितलं पाहिजे. रिकाम्या वर्गात तिला समोर बसवून सगळं सांगितलं. जागा नाहीत. सेट काढलीस की दुसरं काही काढतील. बी.एड. बघ, बँकेचं बघ, दुसरं काहीही बघ, ह्याच्या नादी लागू नकोस, आत काही नाहीये. तिनं मान खाली घालून ऐकून घेतलं. मग वर बघितलं आणि उद्धटपणानं नाही, अगदी खरोखर विचारावं तसं विचारलं, "पण मॅडम, तुम्ही तं अजून येताच की. काई असल्याबिगर येता का?"

मी हातातला चष्मा डोळ्यांवर चढवला. ती "येते मॅडम" म्हणून उठली आणि खिडकीतून मला दिसलं, ती सरळ ग्रंथालयाकडे गेली. तुम्ही खोटं बोलून जे केलंत तेच मी खरं बोलून केलं, नाना, आणि तुमच्या खोट्यानं निदान त्या दिवशी मी रडायची थांबले होते.

हे पत्र कुठं टाकायचं, म्हणून टाकत नाही. दादाला मी सांगितलं आहे की यंदा मुलाखतीला जाणार नाही, पुरे झालं. मुलाखत सोमवारी आहे. मी आत्ताच कोपऱ्यावरच्या लाँड्रीत साडी इस्त्रीला टाकून आले.