मंद्रूपमार्गे अरुणाचल

४ जुलै. सकाळी ६.१०
आजपासून लवकर उठणार. (दूधवाल्याने बेल मारली म्हणून उठलो, पण उठलो.) गाडी दारात आली आहे. जुनी जीप, पण फोर व्हील ड्राइव्ह! वयाची सत्तेचाळीस वर्षं झाली. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतला हा गुरुराज शिलाई मशीनचे पार्ट्स विकता विकता मरणार नाही. नोव्हेंबरात जीपवाल्यांची मोहीम, पूर्व अरुणाचलचं जंगल. सोळा दिवस, सहा गाड्या. रस्ता नाही, नेटवर्क नाही, जळवा आहेत. जळवांचं ऐकून बायको, दानेश्वरी, उठून आत गेली.

६ जुलै
गाडीचे आधीचे मालक अक्कलकोटचे गुरुबसप्पा. चावी देताना त्यांनी मागच्या सीटखालचं, गोणपाटात गुंडाळलेलं एक लोखंडी धूड दाखवलं होतं. डिझेल वाचावं म्हणून काढून ठेवलंय, सांभाळा, लागंल की कधीतरी, असं म्हणाले. मी जाणत्यासारखी मान हलवली. काय आहे हे विचारलं असतं तर इज्जत गेली असती.

११ जुलै. दुकानात
मोहिमेच्या संयोजकांचा ई-मेल. वीस सप्टेंबरपर्यंत चिखलातून गाडी काढतानाचा व्हिडिओ पाठवायचा. एडिटिंग चालणार नाही. त्यावरून निवड.
दानेश्वरीची वेगळी अट. निवड झाली नाही, तर गाडी मंद्रूपला तिच्या भावाकडे, वैरण वाहायला. हसून मान्य केली. बिचारी.

२ ऑगस्ट
वजन कमी करण्याचा दिवस. मोहिमेत प्रत्येक किलो महत्त्वाचा, असं इंटरनेटवर जाणकार सांगतात. (माझं स्वतःचं सोमवारपासून.) मेहुणा प्रभू बियाणं न्यायला आला होता, त्याला ते लोखंडी धूड देऊन टाकलं. उलटंपालटं करून म्हणाला, दाजी, ह्ये मशिनीचं काय तरी वाटतंय की. मी म्हणालो, मशिनीचे पार्ट्स मी पंचवीस वर्षं विकतोय. मग गप नेलं.

१० ऑगस्ट
प्रभूचा फोन. त्याची म्हैस लाकडी खुंटा उपटून पळायची. आता त्याने तो लोखंडी रोवलाय. वर फुली हाय, दावं सुटत न्हाय, लई ब्येस वस्तू दिलीसा, म्हणाला. मोठ्या मोहिमेचा गोरगरिबांना असाही फायदा होतो.

२५ ऑगस्ट
स्वस्थ बसवत नाही. गिऱ्हाईक बॉबिन मागतं, मी नकाशा बघत असतो. रोज चार वेळा शेजाऱ्यांना फोर व्हीलचा लिव्हर ओढून दाखवतो. खट्ट असा आवाज येतो. तो आवाज ऐकून अंगावर काटा येतो.
ड्रायव्हिंगच्या सरावासाठी सात रस्ता चौकापर्यंत गेलो. ट्रॅफिक फार, परत आलो. जंगलात ट्रॅफिक नसतं.

१२ सप्टेंबर
गल्लीतल्या दुकानदारांनी आगाऊ सत्कार केला. शाल, नारळ, बोर्डवर माझं नाव. भाषणात म्हणालो, माणसाने घराबाहेर पडलं पाहिजे. टाळ्या. व्हिडिओ राहिलाय तेवढा. चिखल मनासारखा मिळत नाहीये.

१८ सप्टेंबर. मंद्रूप
मनासारखा मिळाला. प्रभूच्या रानात चार दिवसांच्या पावसाचं काळं राबडं. रुद्राणीला, म्हणजे लेकीला, शूटिंगला उभं केलं. जंगल हॅट घातली. लिव्हर ओढला. खट्ट.
गाडी वीस फूट गेली आणि बसली. मी ॲक्सिलेटर दिला, ती आणखी बसली. रुद्राणीला सांगितलं, हे नॉर्मल आहे. अकरा मिनिटं नॉर्मल होतं.
मग प्रभू आला. उकिडवा बसून खाली बघितलं. दाजी, मागचीच चाकं फिरत्यात, फुडची फिरवायचा शाफ्ट कुटं हाय? मी म्हणालो, इंजिन तापलं असेल. मग त्याने हळूच मान वळवून गोठ्याकडे बघितलं. मीही बघितलं. म्हैस शांतपणे रवंथ करत होती.
पुढचं सगळं प्रभूने केलं. टायरची हवा कमी केली, चाकांखाली कडबा घातला, धोतर खोचून स्टिअरिंगवर बसला, गाडी मागे बाहेर. म्हैस सोडली, खुंटा उपटला, धुतला. ट्रॅक्टरच्या डब्यातले नटबोल्ट लावून गाडीखाली बसवला आणि त्याच राबड्यातून गाडी आरपार नेली. दोनदा. दुसऱ्यांदा उगीच, हौसेने. मी हॅट काढून ठेवली होती. ती म्हशीने खाल्ली.

२० सप्टेंबर
व्हिडिओ आहे तसा पाठवला. निवड गाडीची असते, आणि गाडी माझी आहे.

५ ऑक्टोबर. दुपारी
संयोजकांचा फोन. गाडी पास! फक्त फॉर्ममध्ये ड्रायव्हरचं नाव चुकलंय, म्हणाले. ते धोतरवाले काका हवेत. मी विचारलं, आणि दुसऱ्या सीटवर? दुसऱ्या सीटवर डॉक्टर. मागे? मागे डिझेल.
मग हॅट घातलेले गृहस्थ कोण, असंही विचारलं त्यांनी. मी म्हणालो, रेंज जातेय.

७ ऑक्टोबर. मंद्रूप
गाडी माझी. द्यायची नाही, हे ठरवूनच दानेश्वरीला घेऊन गेलो. फक्त नकार प्रभूच्या तोंडून यावा, म्हणजे बरं दिसतं. तो लगेच म्हणाला, छ्या, म्हस आत्ता व्यालीया, धार कोण काढणार? माझा जीव भांड्यात पडला.
पण जाता जाता म्हणाला, दाजी, नकाशा तेवढा दावा की. बाजेवर पसरला. सासरवाडी माळशिरसला, त्याच्यापलीकडे हा माणूस कधी गेलेला नाही. नदीवर बोट ठेवून विचारलं, तितली माती कसली असंल ओ? आणि बघत राहिला. मी दुकानात बघतो, अगदी तसाच. फार वाईट वाटलं मला. नकाशाची घडी घालावी, तर त्याचं बोट उचलेना.
दानेश्वरी म्हणाली, म्हशीला हे आहेत की.
मी नकाशा बाजेवर तसाच ठेवून उठलो. म्हणजे हो झालं.

१९ नोव्हेंबर. मंद्रूप. सकाळी ६.१०
गोठ्यात सातवा दिवस. पेठेत सगळ्यांना वाटतंय मी अरुणाचलात आहे. दुकान बंद, सत्काराचा बोर्ड अजून लटकतोय. त्यामुळे सोलापूरला जाता येत नाही, इथल्या बाजारातही नाही. पेठेतले दोघे तिथे कापड घेऊन येतात.
खुंटा पुन्हा लाकडी आहे. म्हशीने तो आज उपटला आणि ऊस गाठला. मी मागे. गुडघाभर चिखल, रस्ता नाही, नेटवर्क नाही. पायाला काहीतरी चिकटलं होतं. जळू असावी, असं मनापासून वाटलं. उसाचं पाचट निघालं.
परत आलो तर प्रभूचा फोटो आलेला, वाटेत कुठेतरी रेंज मिळाल्यावर धाडलेला. मागे केवढं हिरवं जंगल! जीप बोनेटपर्यंत लाल चिखलाने माखलेली, पुढे धोतर खोचून हसणारा प्रभू. एवढा हसताना त्याला कधी बघितला नव्हता. खाली लिहिलंय, दाजी, चारी चाकं फिरत्यात. म्हशीला पेंड भिजवून घाला, कोरडी खात न्हाय.
भिजवली.